बौद्ध भिक्षुसंघातील निर्णयपद्धती : ऐकमत्य आणि बहुमत

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्राचीन भारताला लोकसत्ताक कार्यपद्धती अपरिचित नव्हती हे दाखविण्यासाठी भिक्षुसंघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, प्रतोद, मतगणना, शलाकांच्या द्वारे मतदान, निंदाव्यंजक ठराव आणि एकदा निकालात निघालेला प्रश्न पुन्हा न उकरण्याचा निर्बंध या साऱ्या गोष्टी संघाला ठाऊक होत्या, आणि बुद्धांनी त्या आपल्या काळच्या राजकीय सभांवरून घेतल्या असल्या पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विधानामागे एक विद्वत्परंपरा उभी होती. काशीप्रसाद जायसवाल यांच्या १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू पॉलिटी’मध्ये विनयपिटकातील कर्मवाचनांचे वर्णन जवळजवळ पार्लमेंटच्या परिभाषेत केलेले आढळते. ‘हिंदी लोकांना स्वराज्याची सवयच नाही’ या तत्कालीन राज्यकर्त्यांच्या आक्षेपाला ते उत्तर होते, आणि त्या उत्तराची त्या काळी गरज होती यात शंका नाही. परंतु उत्तराच्या गरजेपोटी परिभाषा उसनी घेतली की तिच्याबरोबर काही कल्पनाही नकळत आत शिरतात. ‘ठराव’, ‘मतदान’, ‘बहुमत’ हे शब्द वापरताच आपल्या डोळ्यांपुढे मुंड्या मोजणारी सभा उभी राहते. विनयपिटक वाचताना मात्र दिसते ते वेगळेच. संघाचे नित्याचे कार्य मतगणनेने होत नसे. मतगणना हा तेथे रोगावरचा उपाय आहे, आणि तोही सावधगिरीने, पथ्य सांभाळून द्यावयाचा.

प्रथम साधनांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. येथे मुख्यतः पाली विनयपिटकातील महावग्ग व चुल्लवग्ग यांचा आधार घेतला आहे. हरमान ओल्डेनबर्ग यांनी १८७९ ते १८८३ या काळात या पिटकाची संपादित आवृत्ती काढल्यापासून त्याचा अभ्यास शास्त्रशुद्ध पायावर सुरू झाला. मराठी वाचकांना संघाच्या नियमांची ओळख धर्मानंद कोसंबींच्या ‘बौद्ध संघाचा परिचय’ या ग्रंथाने करून दिली. महावग्ग-चुल्लवग्गांतील प्रत्येक नियमामागे एक प्रसंग सांगितलेला असतो. हे सर्व प्रसंग घडलेच असतील असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा नियम आधी व कथा मागाहून, असाच प्रकार असावा. फ्राउवाल्नर यांनी १९५६ साली हे खंड वैशालीच्या संगीतीनंतर लवकरच एका हाताने रचले गेले असावेत असे मत मांडले. ते सर्वांनी स्वीकारले आहे असे नाही. पण प्रसंग कल्पित असला तरी ज्या अडचणीसाठी तो कल्पिला ती अडचण खरी असते, आणि प्रस्तुत विवेचनाला तेवढे पुरेसे आहे.

संघाला ऐकमत्याची एवढी आच का लागावी, याचे एक कारण उघड आहे. बुद्धांनी आपल्या पश्चात कोणाही एकाला संघाचा नायक नेमले नाही. मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात मगधाचा महामात्य वस्सकार आनंदाला नेमके हेच विचारतो : असा कोणी भिक्षू नेमलेला नसता तुमच्यात एकी राहते तरी कशी? राजकारणात मुरलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. आनंदाच्या उत्तराचा आशय असा की आम्ही निराधार नाही, धर्म हाच आमचा आधार. एका ग्रामक्षेत्रात राहणारे आम्ही सारे उपोसथाच्या दिवशी एकत्र येतो, पातिमोक्खाचे पठण करवितो आणि ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याच्याशी नियमाप्रमाणे वागतो. एकीचा आधार म्हणून येथे कोणा व्यक्तीचे नाव येत नाही. ठराविक दिवशी, ठराविक हद्दीत, सर्वांनी एकत्र येणे एवढेच येते. पुढील सारी नियमावली या तीन शब्दांभोवती गुंफलेली आहे.

संघाच्या कार्याला ‘कम्म’ म्हणत. त्याचे चार प्रकार होते. किरकोळ बाबतीत नुसते विचारून संमती घेणे पुरे होई, ते अपलोकनकम्म. काही कार्यांना केवळ ज्ञप्ती, म्हणजे ‘अमुक करावयाचे आहे’ अशी जाहीर सूचना लागे. विहाराची सीमा ठरविणे किंवा अधिकारी नेमणे अशा कार्यांत ज्ञप्तीनंतर एकदा अनुश्रावण होई. आणि उपसंपदेसारख्या गंभीर कार्यात ज्ञप्तीनंतर तीनदा. प्रत्येक अनुश्रावणाचा आशय एकच असे : ज्याला हे मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला नसेल त्याने बोलावे. तिसऱ्या वेळेसही कोणी बोलले नाही की संघ गप्प आहे, म्हणून संघाला हे मान्य आहे, असे समजून कार्य पुरे झाल्याचे जाहीर केले जाई.

मौनाला संमती समजणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. मौन भीतीचे असू शकते, कंटाळ्याचे असू शकते, विषय न कळल्याचेही असू शकते. विनयकारांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. तीनदा विचारण्याचा खटाटोप त्याशिवाय कशाला? पहिल्या वेळेस माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, दुसऱ्या वेळेस विचार करतो, तिसऱ्या वेळेस आपली जबाबदारी ओळखतो. शिवाय या मौनाला वजन यावे म्हणून एका माणसाच्या शब्दालाही मोठे वजन दिलेले आहे. महावग्गाच्या नवव्या खंडात कोणाचा विरोध ग्राह्य धरावा याचा विचार आहे. प्रकृतिस्थ, त्याच संघाशी सहवास असलेल्या आणि त्याच सीमेत राहणाऱ्या भिक्षूने विरोध दर्शविला, मग तो शेजारी बसलेल्या भिक्षूच्या कानावर घातला असला तरी, तो ग्राह्य ठरतो. उभे राहून भाषण करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही त्याचाही नकार येथे गमावला जात नाही.

आता हे ऐकमत्य कोणाचे? याच खंडात कार्याचे चार प्रकार केले आहेत : अधर्माने व अपुऱ्या संघाने केलेले, अधर्माने पण समग्र संघाने केलेले, धर्माने पण अपुऱ्या संघाने केलेले, आणि धर्माने व समग्र संघाने केलेले. यांतील केवळ शेवटचे ग्राह्य. म्हणजे निर्णय योग्य असला तरी सर्वांच्या उपस्थितीशिवाय घेतला तर तो निर्णयच नव्हे. आणि सर्वांनी मिळून घेतला तरी अयोग्य असेल तर तोही नव्हे. पहिली अट आपणांस आजच्या कोणत्याही सभाशास्त्राहून कडक वाटेल. दुसरी तर आजच्या सभाशास्त्रात बसतच नाही. तिच्याकडे पुढे वळू.

‘सर्वांची उपस्थिती’ ही अट निभावण्यासाठी ‘सर्व’ म्हणजे कोण हे ठरविणे भाग होते. त्यासाठी सीमेची कल्पना पुढे आली. पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, वाट, वारूळ, नदी आणि पाणी या आठांपैकी खुणा निश्चित करून सीमा बांधावी. ती तीन योजनांहून मोठी नसावी. नदीच्या पलीकडे ती न्यावयाची असेल तर तेथे कायमची नाव किंवा पूल असला पाहिजे. या शेवटच्या अटीत अनुभव बोलतो. पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पैलतीरावरचे भिक्षू येऊ शकले नाहीत तर सारेच कार्य निष्फळ होणार. सीमेत असलेला भिक्षू आजारी असेल तर त्याने दुसऱ्यामार्फत आपला ‘छंद’, म्हणजे संमती, कळवावी. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणावे. हलविल्याने आजार बळावेल असे शुश्रूषा करणाऱ्यांस वाटले तर संघाने त्याच्यापाशी जाऊन तेथे कार्य करावे. पण त्याला वगळून करू नये. गग्ग नावाच्या वेड लागलेल्या भिक्षूची कथाही येथेच येते. त्याला उपोसथाची आठवण कधी राही, कधी राहत नसे. त्याच्यावाचून संघाचे काम अडू लागले, तेव्हा ‘गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ त्याच्यासह किंवा त्याच्यावाचून कार्य करील’ अशा अर्थाची संमती संघाने रीतसर घेतली. वेडा मनुष्यदेखील आपोआप गणनेतून गळत नाही. त्याला वगळण्यालाही सर्वांची संमती लागते. उलट, आपण शुद्ध आहोत तेव्हा उपोसथाला जाण्याची आपणांस काय गरज, असे मनात आणणाऱ्या महाकप्पिनाची बुद्धांनी कानउघाडणी केली. श्रेष्ठाला सूट नाही आणि दुबळ्याचा विसर नाही, असा हा दुहेरी दंडक आहे.

गणसंख्येचे नियमही पाहण्यासारखे आहेत. चार भिक्षूंचा संघ बहुतेक कार्ये करू शके. प्रवारणेला पाच लागत. मध्यदेशात उपसंपदेला दहा लागत आणि गंभीर दोषानंतर भिक्षूला पुन्हा सामावून घेण्याला वीस. जायसवालांनी ‘गणपूरक’ या शब्दाला प्रतोदाचा अर्थ दिला आणि तो तेव्हापासून पुष्कळांच्या लेखनात उतरला. मूळ संदर्भात मात्र तो ‘आपल्या उपस्थितीने संख्या पुरी करणारा’ एवढाच दिसतो. सभासदांना हाकून आणणारा पक्षाधिकारी संघात असण्याचे कारणच नव्हते, कारण पक्ष हाच तेथे दोष मानलेला होता. दहाच्या नियमाला पहिला अपवाद घडला तो अवंती-दक्षिणापथामुळे, ही गोष्ट आपणां दक्षिणेकडील अभ्यासकांना विशेष वाटावी. महाकच्चानांचा शिष्य सोण कुटिकण्ण याला उपसंपदा देण्यासाठी तेथे दहा भिक्षू जमवावयाला तीन वर्षे लागली. तो पुढे श्रावस्तीला गेला तेव्हा गुरूच्या वतीने त्याने ही अडचण बुद्धांपुढे ठेवली, आणि सीमाप्रदेशात विनय जाणणाऱ्यासह पाच भिक्षू पुरेत अशी मुभा मिळाली.

येथवर जे पाहिले ते शांततेच्या काळातले. वाद पेटला म्हणजे काय करावयाचे, याचे विवेचन चुल्लवग्गाच्या चौथ्या खंडात आहे. वाद मिटविण्याचे सात उपाय तेथे सांगितले असून त्यांतील ‘येभुय्यसिका’ म्हणजे बहुमताचा उपाय होय. याच उपायावर आधुनिक लेखकांनी भर दिला आहे, म्हणून तो मुळातून नीट पाहिला पाहिजे. वाद प्रथम त्याच विहारात समोरासमोर मिटवावा. न मिटल्यास अधिक भिक्षू असलेल्या दुसऱ्या विहारात न्यावा. तेथे चर्चेला तोंड फुटून अखंड बडबड होऊ लागली आणि कोणत्याच बोलण्याचा अर्थ लागेनासा झाला, तर ‘उब्बाहिका’ नेमावी, म्हणजे निवडक जाणत्यांकडे प्रश्न सोपवावा. तेही जमले नाही तरच शलाका वाटाव्यात. शलाका वाटणारा, ‘सलाकागाहापक’, संघाने निवडावा. तो आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा आणि कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही, हे त्याला कळत असावे.

शलाका घेण्याचे तीन प्रकार आहेत : गूढ, कानात सांगून, आणि उघड. गूढ प्रकारात रंगीत व बिनरंगी शलाका करून वाटणाऱ्याने एकेका भिक्षूपाशी जावे. ही अमुक मताची, ही तमुक मताची, तुला हवी ती घे, आणि कोणाला दाखवू नकोस, असे सांगावे. गुप्त मतदानाचे इतके जुने आणि इतके स्पष्ट वर्णन वाचून कोणाही आधुनिक वाचकाचे मन हर्षेल. पण लगेच पुढचे वाक्य येते. अधर्मवादी अधिक आहेत असे आढळले तर वाटणाऱ्याने ‘शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत’ असे म्हणून त्या परत घ्याव्यात. धर्मवादी अधिक आढळले तरच ‘नीट घेतल्या गेल्या’ असे जाहीर करावे. समन्तपासादिका ही अट्ठकथा तर याहून पुढे जाते : तीन वेळा वाटूनही अधर्मवादीच अधिक निघाले तर आज वेळ बरी नाही, उद्या पाहू, असे म्हणून उठावे आणि दरम्यान धर्मवाद्यांची जमवाजमव करावी. शलाका वाटणे अवैध ठरविणारी जी दहा कारणे दिली आहेत त्यांत, अधर्मवादी अधिक आहेत हे ठाऊक असणे, ते अधिक असण्याचा संभव असणे, संघ फुटेल हे ठाऊक असणे आणि तो फुटण्याचा संभव असणे, अशी चार कारणे आहेत.

हे वाचून दोन टोकांच्या प्रतिक्रिया संभवतात. एक, ज्यांना संघात पार्लमेंट पाहावयाचे आहे ते या वाक्यांवरून हळूच पुढे सरकतात. दुसरी, हे सारे मतदानाचे ढोंग आहे, निकाल आधीच ठरलेला आहे, असे म्हणून काही जण हात झटकतात. दोन्ही घाईच्या वाटतात. विनयकारांची भूमिका त्यांच्या दृष्टीने सुसंगत आहे : विनयाचा नियम काय हा प्रश्न त्यांच्या मते आवडीचा नाही, तो तथ्याचा आहे, आणि तथ्य संख्येने बदलत नाही. मग शलाका कशासाठी? बहुतेक भिक्षूंना योग्य काय ते कळते, पण वाद लांबल्याने ते सर्वांसमोर दिसून येत नाही; शलाका ते दाखवून देते. ती निर्णयाचे कारण नसून निर्णयाची खूण आहे. या भूमिकेतील धोका मात्र झाकून ठेवण्याजोगा नाही. धर्मवादी कोण हे शलाका वाटणाऱ्याने आधीच जाणलेले असावे लागते. आणि दोन्ही पक्ष स्वतःला धर्मवादीच म्हणवीत असतात. आवड, द्वेष, मोह, भय यांपासून मुक्त असा मनुष्य मिळाला तर प्रश्न सुटतो. पण तसा मनुष्य सर्वांना मान्य होत असता तर वाद शलाकांपर्यंत आला नसता.

शलाकेविषयीच्या या धास्तीचे मूळ बहुधा आणखी एका कथेत सापडते. चुल्लवग्गाच्या सातव्या खंडात देवदत्ताने आपले पाच कडक नियम संघापुढे मांडले, ज्यांना मान्य असतील त्यांनी शलाका घ्यावी असे म्हटले, आणि वैशालीच्या पाचशे नवदीक्षित वज्जिपुत्तक भिक्षूंनी ती घेतली. विनयात संघभेदाची जी व्याख्या आहे तीतही शलाका येते : एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार, आणि नववा अनुश्रावण करून शलाका वाटणारा. ज्या साधनाने वाद मिटावयाचा त्याच साधनाने संघ फुटतो, ही जाणीव या व्याख्येत आहे. मोजणी केली की कोण कोणाच्या बाजूस हे कायमचे उघड होते. ज्या मतभेदाला तोवर आकार नव्हता त्याला दोन बाजू मिळतात. गूढ शलाकेचे प्रयोजनही यावरून अधिक कळते. अट्ठकथेप्रमाणे निर्लज्ज भिक्षूंची संख्या फार असेल तेथे गूढ प्रकार वापरावा.

निर्णयानंतरचे नियम याच काळजीतून आले आहेत. पातिमोक्खातील पाचित्तिय नियमांपैकी ६३ वा नियम रीतसर मिटलेला वाद पुन्हा उकरण्याविरुद्ध आहे. ७९ वा आपला छंद देऊन मागाहून कुरकुर करण्याविरुद्ध. ८० वा चर्चा चालू असता छंद न देता उठून जाण्याविरुद्ध. सभात्यागाने सभा निष्फळ करण्याची युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होती, हे यावरून दिसते.

सिद्धांत कसा राबविला गेला याचे सर्वांत तपशीलवार चित्र वैशालीच्या संगीतीच्या वृत्तांतात मिळते. परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी यश काकंडकपुत्त वैशालीस आला असता, वज्जिपुत्तक भिक्षू उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून उपासकांकडून त्यात नाणी टाकवून घेत आहेत असे त्याला दिसले. त्याने विरोध केला, त्याच्यावरच कारवाई झाली, आणि मग तो पाठबळ मिळवावयास निघाला. त्याने पावेय्यक व अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंकडे निरोप धाडले. अहोगंग पर्वतावर पावेय्यक साठ आणि अवंती-दक्षिणापथातले अठ्ठ्याऐंशी भिक्षू जमले. वज्जिपुत्तकांनीही आपल्या बाजूने रेवत स्थविरांना वळविण्याचा यत्न केला. ते वळेनात तेव्हा चीवरपात्रादि भेटी देऊन त्यांचा सेवक उत्तर याला गाठले. रेवतांनी उत्तराला दूर केले. मतांची जुळवाजुळव आणि लालूच यांचे हे वर्णन विनयकारांनी लपविलेले नाही, ही त्यांची सचोटी होय. वाद जेथे उत्पन्न झाला तेथेच तो मिटवावा, अन्यथा मूळ भिक्षू तो पुन्हा उकरतील, असे रेवतांनी सुचविले आणि सारे वैशालीस आले.

सातशे भिक्षूंच्या सभेत चर्चेचा शेवट होईना. तेव्हा उब्बाहिका नेमली : पूर्वेचे चार, सब्बकामी, साळ्ह, खुज्जसोभित व वासभगामिक, पश्चिमेचे चार, रेवत, संभूत साणवासी, यश व सुमन. उपसंपदेला दहा वर्षे झालेल्या अजित नावाच्या भिक्षूकडे आसनव्यवस्था सोपविली. वालिकारामात रेवतांनी एकेक मुद्दा विचारला आणि आनंदाचे शिष्य, त्या काळचे सर्वांत वृद्ध स्थविर सब्बकामी यांनी उत्तर दिले. दहाही मुद्दे अवैध ठरले. त्यानंतर साऱ्या संघाची खात्री पटावी म्हणून तीच प्रश्नोत्तरे सर्वांसमोर पुन्हा झाली. शलाका वाटल्या गेल्या नाहीत.

या दहा मुद्द्यांत शिंगात मीठ साठविण्यापासून सोनेनाणे घेण्यापर्यंतचे विषय आहेत, आणि इतिहासकारांचे लक्ष साहजिकच शेवटच्याकडे जाते. परंतु त्यांतले दोन मुद्दे निर्णयपद्धतीचे आहेत आणि त्यांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘आवासकप्प’ म्हणजे एकाच सीमेतील निरनिराळ्या विहारांनी आपापला वेगळा उपोसथ करणे. ‘अनुमतिकप्प’ म्हणजे अपुऱ्या संघाने कार्य उरकून घेणे आणि जे मागाहून येतील त्यांची अनुमती मग घेऊ असे म्हणणे. वैशाली हे संपन्न नगर, भिक्षूंची संख्या मोठी, विहार अनेक. प्रत्येक वेळी सर्वांना गोळा करणे किती जिकिरीचे होत असेल याची कल्पना करता येते. वज्जिपुत्तकांची सोय ही वाढत्या संस्थेची सोय होती. संगीतीने ती नाकारली, आणि नाकारण्यामागे तत्त्व होते : घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून दिलेली मान्यता ही संमती नव्हे, कारण नकार देण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. पण ज्या सोयीची गरज होती ती गरज नाकारल्याने नाहीशी झाली नसणार.

आणि हे ऐकमत्य तरी कितपत खरे? उब्बाहिकेत पूर्वेचे चार होते, परंतु ज्यांच्यावर आरोप होता त्या वज्जिपुत्तकांनी निकाल मानला की नाही याविषयी चुल्लवग्ग एक अक्षर बोलत नाही. दीपवंस म्हणतो की त्यांनी आपली वेगळी महासंगीती भरविली आणि महासांघिक त्यातून निघाले. महासांघिकांच्या बाजूचे शारिपुत्रपरिपृच्छा हे सूत्र आज चिनी भाषांतरात उपलब्ध आहे. त्यात चित्र उलटे आहे. तेथे विनय वाढवू पाहणारे स्थविर आहेत, तंटा राजापुढे जातो, राजा काळ्या व पांढऱ्या शलाका घ्यावयास लावतो, आणि जुना विनय मानणारे फार मोठ्या संख्येने निघाल्यामुळे त्यांना महासांघिक हे नाव पडते. दोन वृत्तांतांपैकी कोणता खरा याचा निकाल येथे लावता येणार नाही. महासांघिक विनयाच्या अभ्यासाने दीपवंसाच्या कथेवरचा विश्वास बराच डळमळला आहे एवढे मात्र खरे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की एका परंपरेने आपले नाव संख्येवरून घेतले आणि दुसरीने स्थविरत्वावरून.

वाद कोणत्याच उपायाने मिटेना तर काय, याचेही उत्तर विनयात आहे. ‘तिणवत्थारक’ म्हणजे गवताने झाकणे. भांडता भांडता दोन्ही बाजूंच्या हातून इतके दोष घडले की एकेक मोजू गेल्यास कटुता वाढून संघ फुटेल, तेव्हा सर्वांनी एकत्र यावे, प्रत्येक बाजूच्या एका भिक्षूने सर्वांच्या वतीने दोष कबूल करावेत, आणि प्रकरण तेथेच बुजवावे. गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित दोष यांना ही सवलत नाही, आणि जो असहमती दर्शवील त्यालाही ती लागू होत नाही. कौशांबीच्या कलहाच्या कथेत मात्र झाकण्यावर भागत नाही. एका भिक्षूने बुद्धांनाच ‘आपण यात पडू नये’ असे सांगितले आणि ते निघून गेले. पुढे भिक्षू ताळ्यावर आले ते कौशांबीच्या उपासकांनी त्यांना वंदन करणे व भिक्षा घालणे बंद केल्यावर. संघाच्या अंतर्गत ऐकमत्याला बाहेरून उपाशी पोटाची मदत लागली. याच खंडाच्या अखेरीस उपालीच्या प्रश्नावर बुद्ध एक भेद करतात : मूळ कारणापर्यंत न जाता, प्रकरणाचा तपास न करता केलेली एकी ही शब्दांची एकी आहे, तपास करून केलेली एकी शब्द आणि अर्थ दोन्हींची आहे. यांतील दुसरीच धर्म्य.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत. ज्यांचा विरोध ग्राह्य नाही अशांच्या यादीत वेडे आणि दोषी यांच्याबरोबर भिक्षुणी आणि श्रामणेरही आहेत. भिक्षुणीच्या उपसंपदेला दोन्ही संघांची संमती लागे, भिक्षूच्या उपसंपदेला मात्र भिक्षुणींना कोणी विचारीत नसे. अल्पमतातल्या एकाचा नकार जपणारी ही व्यवस्था एका सबंध वर्गाचा नकार ऐकूनच घेत नाही. आणि संघाने आपली एकी आपल्याच बळावर राखली असेही म्हणता येत नाही. सारनाथ, सांची व कौशांबी येथील अशोकाच्या स्तंभलेखांत संघ फोडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर घालवावे अशी आज्ञा आहे. तीनदा विचारून मौनाची वाट पाहणाऱ्या संस्थेच्या पाठीशी आता राजाज्ञा उभी होती.

जायसवालांचा दुसरा मुद्दा, म्हणजे ही पद्धत गणराज्यांकडून घेतलेली, हा अशक्य नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींनी वारंवार जमावे, समग्र जमावे, समग्र उठावे हे त्यांच्या अभ्युदयाचे कारण म्हणून सांगितले आहे आणि लागलीच तेच नियम भिक्षूंना लावले आहेत. ‘संघ’ हा शब्दही राजकीय गणांशी समाईक आहे. परंतु वज्जींच्या सभेची कार्यपद्धती सांगणारा एकही लेख आपल्यापाशी नाही. संघावरून गणांची कल्पना करावयाची आणि मग गणांवरून संघाची उत्पत्ती सांगावयाची, हे चक्राकार अनुमान होय.

शेवटी दक्षिणेतील लेण्यांकडे वळतो, कारण तेथे हा प्रश्न दगडात कोरलेला भेटतो. नाशिकच्या उषवदाताच्या लेखात दान चातुर्दिश भिक्षुसंघाला, म्हणजे चारी दिशांच्या संघाला, दिलेले आहे. पण कार्ल्याच्या एका लेखात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षी, नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांच्या मालकीसाठी दिला आहे. आणि नाशिकचे गौतमी बलश्रीचे लेणे भद्रायणीय भिक्षूंना. निर्णय घेणारा संघ सीमेतला, धनी मात्र चारी दिशांचा, आणि प्रत्यक्षात राहणारे एका निकायाचे, अशी ही त्रेधा स्थिती. ज्यांनी सभेला येणे कधीच शक्य नाही त्यांच्या हक्काचे काय, याचे उत्तर चुल्लवग्गाच्या सहाव्या खंडात आहे. एका खेड्यातील विहाराचे भिक्षू येणाऱ्या-जाणाऱ्यांची निजण्याबसण्याची सोय करून थकले; सारे शयनासन एकाच्या नावे करून टाकावे म्हणजे कटकट मिटेल, असे ठरवून त्यांनी तसे केले. पाहुणे आले तेव्हा हे आता संघाचे नाही असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर नियम झाला तो असा : आराम व त्याची जागा, विहार व त्याची जागा, मंच-पीठ-गादी-उशी, लोखंडी भांडी व हत्यारे, आणि वेल, बांबू, लाकूड, माती यांच्या वस्तू, या पाच गोष्टी संघाने, गणाने किंवा व्यक्तीने कोणासही देऊ नयेत, आणि दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. खेड्यातील त्या भिक्षूंपैकी कोणी विरोध केल्याचा उल्लेख नाही. ते सर्व एकमताचे होते.